सावजी घरपोच मागवायचं की स्वतः जाऊन आणायचं? २२ माणसांचं जेवण आहे, सांगा जरा

बेसारोडवाला

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आमच्या आईबाबांच्या लग्नाला ४५ वर्षं होऊन राहिली. बाबांनी एकच मागितलंय, हॉल नको केक नको, सगळे भाऊबहीण घरी बोलवा अन् सावजी, म्हणजे आपलं नागपुरी झणझणीत जेवण, करा. २२ माणसं होतात, त्यातली ६ शाकाहारी, त्यात पहिली आई.

तर म्हटलं आधी एकदा मागवून बघू, म्हणून मागच्या रविवारी ॲपवरून एका चांगले स्टार असलेल्या ठिकाणाहून मागवलं (नाव देत नाही, भांडण नाही करायचं). मटण, पाटोडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचा), डाळकांदा, ज्वारीच्या भाकरी, भात. १२:४० ला ऑर्डर टाकली अन् २:०५ ला आली. बाबा साडेबारापासून हातपाय धुऊन ताटावर बसलेले. पाटोड्या रश्शात आधीच टाकून पाठवल्या होत्या, त्या येईस्तोवर फुगून फुटल्या, वाटीत ओतलं तर पिठलंच निघालं. भाकरी गरम असतानाच फॉइलमध्ये गुंडाळलेल्या, घाम सुटून ओल्याचिंब, उचलली की तुकडा हातात अन् बाकी ताटात. मटणाच्या डब्यावर चरबीची पांढरी साय धरलेली.

हे सगळं चाललं असतं. पण आईच्या डाळकांद्यात हाडाचा तुकडा निघाला, बोटाच्या पेराएवढा. आई काहीच बोलली नाही, घास ताटाच्या कडेला काढून ठेवला, उठून चूळ भरली अन् आत जाऊन पडली. आमच्याकडे मटण नेहमी वेगळ्या गंजात म्हणजे पातेल्यात, मागच्या अंगणात स्टोव्हवर शिजायचं, बाबा स्वतः शिजवायचे अन् गंज स्वतः घासून टाकायचे, इतकं सांभाळलं दोघांनी एकमेकांचं. ॲपच्या चॅटवर फोटो टाकला तर डाळकांद्याचे १४० रुपये परत केले अन् क्षमस्व लिहून चॅट बंद. मला पैसे नको होते, कोणीतरी माणसाने फोन करून चुकलं म्हणायला पाहिजे होतं.

आता मले कळून नाही राहिलं की काय करावं. सगळ्यांना घेऊन तिथेच जेवायला जावं म्हटलं तर मोठ्या काकाचे गुडघे गेलेत अन् रविवारी सावजीत बाकावर जागा मिळेपर्यंत उभं राहावं लागते. पार्सल आणायचं तर किती आणायचं, तिखट किती सांगायचं, पोरंसोरं आहेत त्यांचं काय, अन् सगळ्यात महत्त्वाचं शाकाहारी वेगळं कसं ठेवायचं. ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा प्लीज.

---

महालची_लेक

भाऊ, आधी काकूंना माझा नमस्कार सांगा. वाचून पोटात तुटलं.

मी सावजी घरातली आहे म्हणून जरा लांब लिहिते. आजोबा हलबा कोष्टी, मागावर बसायचे, सकाळपासून धोट्याचा खटखट आवाज अन् दुपारच्याला आजी पाट्यावर मसाला वाटायची. हे विणकरांच्या घरातलं जेवण आहे, हॉटेलं नंतर झाली. आमच्याकडच्या मसाल्यात धने, काळी मिरी, लवंग, दगडफूल, खसखस, तेजपान, सुकं खोबरं अन् भाजलेली ज्वारी, ही ज्वारी लोक विसरतात, तिच्यामुळे रश्शाला अंग येते. टोमॅटो नाही, काजू नाही, मलाई तर अजिबात नाही. जुन्या काळी तेल जवसाचं, आता बहुतेक ठिकाणी फल्लीचं (शेंगदाण्याचं) नाहीतर सोयाबीनचं. आजी म्हणायची मिरीचं तिखट घशात लागलं पाहिजे, मिरचीचं जिभेवर, दोन्ही वेगवेगळे कळले तर मसाला जमला.

आता तुमच्या डब्याचं काय झालं ते सांगते. तर्री म्हणजे नुसतं वर तरंगणारं तेल नाही, मसाल्याचा रंग अन् वास त्या तेलात उतरलेला असते. ते गार झालं की वासच येत नाही, अन् मटणाची चरबी तर थंडीत लगेच गोठते. डिसेंबरात नागपुरात पहाटे पारा १०-१२ च्या आसपास असते, दुपारी ऊन असलं तरी दुचाकीवर वाऱ्यात महाल ते बेसा म्हणजे तुम्हीच विचार करा. त्यामुळे डिसेंबरात तर ॲपवरून अजिबातच नको.

पाटोडीचं असं आहे की ते बेसन आधी घट्ट शिजवून, ताटात थापून, शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडलेल्या असतात. शिजलेलं बेसन रस्सा पिते. म्हणून आमच्याकडे पाटोड्या कोरड्या ताटात वाढतात अन् वरून उकळता रस्सा घालतात, जेवणारा समोर बसल्यावरच. पार्सल घेताना दोन्ही वेगळं द्या म्हणून सांगायचं, नाही म्हटलं तर दुसरं दुकान बघायचं.

आणायचं तर इस्टीलचे डबे घेऊन जा, झाकणाचे, मोठे. प्लास्टिकच्या गोल डब्यात उकळता रस्सा ओततात ते मला बघवत नाही. घरी आणून गंजात ओतायचं, एक चांगली उकळी आणायची, नुसतं कोमट नाही करायचं. अन् भाकरी तिथून आणूच नका. महालात, इतवारीकडे माठावरच्या लांब रोट्या करून देणाऱ्या बाया आहेत, आदल्या दिवशी सांगून ठेवलं की मऊसूत रोट्या घडी घालून फडक्यात बांधून देतात, त्या दोनतीन तास तशाच राहतात. ज्वारीची भाकरी पाहिजेच असेल तर घरी बाई लावा दोन तासांसाठी, भाकरी तव्यावरून ताटात गेली तरच भाकरी.

पोरांसाठी वडाभात करा ना. मिश्र डाळींचे वडे, मोकळा भात, वडा भातात कुस्करायचा अन् वरून हिंग-लाल मिरचीचं फोडणीचं तेल, पोरांसाठी मिरची कमी. शाकाहारी मोठ्यांनाही चालते. तिखटाचं म्हणाल तर कमी तिखट करा असं सांगू नका, ते मग रश्शात पाणी घालतात. तर्री वेगळी काढून द्या म्हणा, ज्याला पाहिजे तो वरून घेईल.

शाकाहारीला वेगळी पळी वापरा असं आधीच ठासून सांगा, फोनवर नाही, समोर उभं राहून.

---

काउंटरवाला

महालच्या ताईचं सगळं बरोबर पण शेवटच्या ओळीवर माझं मत वेगळं आहे.

मी ६ वर्षं एका सावजी भोजनालयात पॅकिंगला होतो, आता ते काम नाही करत. रविवारी साडेबारा ते अडीच आमच्याकडे असं असायचं की समोर हॉलमध्ये माणसं बसलेली, बाजूला पार्सलवाले उभे, अन् मोबाइलवर ॲपची घंटी वाजूनच राहिली. चार गंज एका रांगेत, मटण, चिकन, खूर, डाळकांदा. पळ्या चारच, पण घाईत कोणती पळी कोणत्या गंजात गेली हे पोट्ट्याला कळत नाही, हाडाचा तुकडा पळीच्या खोलगट भागात अडकून राहते अन् पुढच्या डब्यात जाते. काकूंच्या डाळकांद्यात हाड असंच आलं असणार. कोणी मुद्दाम करत नाही. पण वेगळी पळी वापरा म्हटलं की हो म्हणतात, मीही म्हणायचो, अन् पाच मिनिटांनी गर्दीत ते राहून जायचं. आज तुमची पोस्ट वाचून ते आठवलं अन् फार लागलं मनाला. रस्साही बरेचदा एकाच मूळ मसाल्याच्या वाटणातून, एकाच कढईतून पुढे वेगळा केलेला असते.

म्हणून ज्यांना खरंच पाळायचंय त्यांच्यासाठी मटण शिजते त्या स्वयंपाकघरातून काहीच घेऊ नका. सहा माणसांचं घरी करा, नाहीतर जिथे फक्त शाकाहारीच बनते तिथून आणा.

आता बाकीच्यांचं. १६ जण मटण खाणारे, त्यात दोनचार लहान असतील, तर हाडासकट ३ किलो मटण पुरते. सावजीत रस्सा पातळ असते, लोक रस्साच जास्त ओरपतात, म्हणून मटणापेक्षा रस्सा कमी पडते, तो जास्त सांगा. काही ठिकाणी मटण तुम्ही आणून द्या अन् ते बनवून देतात, किलोमागे बनवायचे पैसे घेतात. पार्टीसाठी हे बरं पडते, कोणतं मटण गेलं ते आपल्या डोळ्यासमोर असते.

वेळ सगळ्यात महत्त्वाची. पहिली हंडी अकरा साडेअकराला उतरते, तेव्हा जा. दीडनंतर त्याच हंडीत गरम पाणी अन् मसाला पडत राहते, चव तीच नसते. चारपाच दिवस आधी, मंगळवार-बुधवारी दुपारी चारच्या सुमारास जा, तेव्हा मालक निवांत असते. ॲडव्हान्स द्या अन् कागदावर लिहून घ्या, मटण किती, रस्सा किती, तर्री वेगळी, किती वाजता. तोंडी ऑर्डर रविवारी कोणाच्याच लक्षात राहत नाही.

अन् भात पार्सल आणू नका. सकाळचा भात दुपारपर्यंत कोमट राहिला की बाधू शकते, त्यात जे विष तयार होऊ शकते ते पुन्हा गरम करून जात नाही. घरी कुकर लावा.

---

हिशोबवहीवाली

खाण्याचं वरच्यांनी सांगितलंच, मी बिलाचं सांगते कारण मोठ्या ऑर्डरला तिथेच फसगत होते.

रेस्टॉरंटच्या बिलावर साधारण ५ टक्के जीएसटी असतो, नोव्हेंबर २०१७ पासून तोच दर आहे (मोठ्या महागड्या हॉटेलांच्या आवारातली रेस्टॉरंटं सोडून). पण लहान भोजनालयं बरेचदा कंपोझिशन योजनेत (लहान धंद्यांसाठीची सोपी जीएसटी) असतात. त्यांना कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, अन् तसं बिलावर छापावं लागतं. म्हणजे बिलावर कंपोझिशन लिहिलंय अन् खाली ५ टक्के लावलेत तर ते चूक आहे, तिथल्या तिथे विचारा. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. नंबरच नसेल अन् जीएसटी लावला असेल तर देऊ नका. ॲपवरून मागवलं तर १ जानेवारी २०२२ पासून तो ५ टक्के कर ॲपवालेच घेऊन भरतात.

दुसरं सर्व्हिस चार्ज. सावजीत कोणी लावत नाही पण तुम्ही पुढेमागे धरमपेठ, रामदासपेठकडे फॅमिली घेऊन गेलात तर लक्षात ठेवा. मागच्या वर्षी आम्ही ११ जण एका ठिकाणी गेलो, बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज अन् त्याच्यावर पुन्हा जीएसटी. मी म्हटलं हा काढा. वेटर म्हणाला सिस्टिममध्ये आपोआप येतो. मी शांतपणे सांगितलं की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की हा आपोआप लावता येत नाही, अन् दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते उचलून धरलं. मॅनेजर आला, दोन मिनिटांत नवीन बिल आलं. त्या पोरासाठी टीप मी वेगळी त्याच्या हातात दिली, कारण त्याने खरंच मनापासून वाढलं होतं अन् ते पैसे त्यालाच मिळायला हवे होते.

अन् बेसारोडवाले, तुमचं हाडाचं प्रकरण १४० रुपयांचं नाहीये. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा, नाहीतर अन्नसुरक्षेच्या फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर. बिलावर १४ आकडी एफएसएसएआय नंबर (अन्नसुरक्षेच्या परवान्याचा) असतो तो तक्रारीत टाका, मग ती बरोबर त्याच स्वयंपाकघरावर जाते. तुमच्याकडे फोटो आहे, ऑर्डरची वेळ आहे. शाकाहारी माणसाच्या पानात हाड येणं ही साधी चूक म्हणून सोडून देऊ नका. पैशासाठी नाही म्हणत मी, उद्या दुसऱ्या कोणाच्या आईसोबत होऊ नये म्हणून.

---

जरीपटक्याचा_मुलगा

घरपोचला सरसकट नावं नका ठेवू हो. मी पुण्यात नोकरीला, आई जरीपटक्यात एकटी. मे महिन्यात तिचा पाय मोडला, प्लास्टर, पाच आठवडे. मी इथून रोज दुपारी तिच्यासाठी ॲपवर वरण-भात-पोळी-भाजी मागवायचो. ४५ डिग्रीत, दुपारी एक वाजता, तोंडाला दुपट्टा गुंडाळून तो पोट्टा यायचा. दोनतीनदा तोच आला. आई दारापर्यंत येऊ शकत नाही म्हटल्यावर आत येऊन पलंगाजवळच्या स्टुलावर डबा ठेवायचा, एकदा झाकण उघडत नव्हतं ते उघडून दिलं, पाण्याचा ग्लास भरून दिला. आई आजही विचारते तो पोरगा कसा असेल.

म्हणून म्हणतो, रश्शाचं पार्सल खराब निघालं तर त्यात आणणाऱ्याचा दोष नाही, त्याला कमी स्टार देऊ नका. वरण, सुकी भाजी, पोळ्या, सुकं मटण हे नीट येते घरी. पातळ तर्रीचा रस्सा अन् पाटोडी नाही येत. एवढंच.

---

बेसारोडवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. जरीपटक्याच्या भाऊ, त्या दिवशी आणणाऱ्या पोराला मी स्टार कमी नाही दिले, उलट तो उशीर झाला म्हणून घाबरला होता, त्याला पाणी पाजलं.

काउंटरवाले दादा, तुमचं खरं बोलणं पटलं. शाकाहारी घरीच करतो. महालच्या ताई, पाटोडी ताटात थापताना तुटू नये म्हणून काय करायचं? माझी बहीण करणार आहे, तिने एकदा केली तर कडा भुगा होऊन राहिल्या होत्या.

---

महालची_लेक

बेसन कमी शिजलं असेल. पाणी उकळून, त्यात तिखट मीठ हळद जिरं लसूण, मग बेसन भुरभुरवत सोडायचं अन् एका हाताने घोटत राहायचं. गोळा कढईची कड सोडतो तेव्हा झाकण ठेवून वाफ आणायची, पाच मिनिटं तरी, हीच पायरी लोक गाळतात. ताटाला तेलाचा हात लावायचा, गोळा गरम असतानाच थापायचा, हात पाण्यात बुडवून. गार झाल्याशिवाय सुरी नाही लावायची. वरून बारीक चिरलेला सांबार अन् किसलेलं सुकं खोबरं. तुमची बहीण पुणे-मुंबईकडे राहत असेल तर तिला सांगा बरं, सांबार म्हणजे कोथिंबीर, मागे एकीने इडलीचं सांबार घेतलं होतं.

---

बेसारोडवाला

झालं मंडळी जेवण, काल रविवारी. सांगतो.

बुधवारी चार वाजता गोळीबार चौकाकडच्या एका भोजनालयात गेलो, मालक खरंच निवांत बसले होते, चहा पाजला. कागदावर लिहून घेतलं, मटण मी आणून देणार ३ किलो, रस्सा जास्त, तर्री वेगळी. रविवारी साडेअकराला तीन इस्टीलचे डबे घेऊन हजर. हंडी नुकतीच उतरली होती, मालकाने माझ्यासमोर पळीने ढवळून खालचं मटण वर आणलं अन् मग भरलं, म्हणाले वरवरचं दिलं तर अर्ध्या लोकांच्या ताटात नुसता रस्सा येते. डबा इतका गरम की दुपट्ट्यात गुंडाळून गाडीत भावाच्या मांडीवर ठेवला, पूर्ण रस्ताभर तो पाय हलवत होता. बिलावर जीएसटी नव्हता, खाली कंपोझिशनची ओळ छापलेली होती, हिशोबवहीवाल्या ताई, पाहिली मी.

घरी आणून मटण मागच्या अंगणातच गरम केलं, बाबांनी स्वतः, नेहमीच्या गंजात. आत आईच्या ओट्यावर पाटोडीचा रस्सा, डाळकांदा, वडाभात. पाटोडी बहिणीने घोटली पण थापली आईने, तिला राहवलं नाही. वड्या एकसारख्या पडल्या, एकही कड तुटली नाही.

आमच्याकडे बाबा मटण खातात त्या दिवशी आई नेहमी नंतर, वेगळी जेवते. काल दोन पंगती समोरासमोर टाकल्या, मधे तीन हात जागा, इकडे १६ तिकडे ६, अन् आई बाबांच्या बरोब्बर समोर बसली. बाबांनी तीनदा रस्सा मागितला, नाकातून पाणी, डोक्यावरून घाम, डिसेंबरात. मधेच थांबून त्यांनी आईला विचारलं, तुझी पाटोडी कशी झाली. आईने एक कोरडी पाटोडी वाटीत घालून धाकट्याच्या हाती पाठवली त्यांच्याकडे. मोठा काका बोलला नाही काही, नुसता खात होता.

रस्सा जरासा उरला, तो आज सकाळी बाबांनी कालच्या रोटीचे तुकडे करून त्यात भिजवून खाल्ला.

१९१५ वर तक्रार टाकलीय, नंबर मिळालाय. उत्तर आलं की इथेच लिहितो.

---

काउंटरवाला

कालच्या कालच रस्सा फ्रिजमध्ये ठेवला होता ना, अन् सकाळी उकळला होता ना? बाबांचं वय झालं म्हणून विचारतो.

---

बेसारोडवाला

हाव दादा, तीन वाजता गार झाल्यावर लगेच ठेवला, अन् सकाळी अंगणात चांगला खळखळ उकळला.